बॅटरी बदलल्यावर

चारी दारं सकाळपासून उघडी टाकली होती मी,
इथेच चुकलं.
छताचा दिवा जळतोय हे दिसत होतं,
मनावर घेतलं नाही.
वर रेडिओ चालू, हॉकीचं समालोचन.

तीन वाजता किल्ली फिरवली तर
टक्. टक्. टक्.
म्हाताऱ्या मास्तरांनी वही बघून च्च् करावं तसं.
मग काटे पडले, घड्याळ विझलं,
अर्धी उघडी काच अर्धीच राहिली
आणि बाहेर सुपीरियर सरोवरावरून
बर्फ येत होता, आडवा.

शेजारच्या मार्सेलचा ट्रक आणला.
लाल लालला. काळी नुसत्या लोखंडाला,
बॅटरीपासून लांब.
हे वडिलांनी शिकवलं होतं, एका थोबाडीत.
गाडी उठली. उठताना डॅशबोर्डवर
एक छोटा लाल माणूस पेटला,
पोटाशी फुगा धरून बसलेला.
एअरबॅग.
सीटखालची कॉफी पुसायला
पिवळा प्लग मीच काढला होता,
जोडायचा विसरलो.

पिवळ्याला हात लावू नये.
लावलाच तर आधी बॅटरी सोडवावी, दहा मिनिटं थांबावं,
सिगरेट ओढावी, ओढत नसाल तर आकाश बघावं.
वीस वर्षं पोरांना सांगतोय हे.

मीटर लावला. नऊ पॉइंट आठ.
बॅटरी सात वर्षांची. जाणारच होती,
या हिवाळ्यात नाही तर पुढच्या.
हे वाक्य गिऱ्हाइकासाठी तोंडात घोळवून ठेवलं
आणि मग लाज वाटली,
कारण ते खरं होतं
आणि तरी खोटं होतं.

नवी बॅटरी आणली, अक्कलखाती.
लाल माणूस विझवला.
काचेला पुन्हा शिकवलं वर कुठे थांबायचं ते.
घड्याळ तेवढं बारा, बारा, बारा.

पाच वाजता आउने लाहतिनेन आल्या.
पाच फूटसुद्धा नसतील.
बिल पुढे करायच्या आधी सगळं सांगून टाकलं.
दारं, पिवळा प्लग, काच,
प्रत्येकाला त्या नुसती मान हलवत होत्या.
मग म्हणाल्या, "आणि दोन नंबर?"

ड्रायव्हरच्या दारावर सीटची बटणं.
एक त्यांचं. दोन वेइक्कोंचं.
वेइक्को धान्याच्या गोदामात चाळीस वर्षं,
मार्चमध्ये गेले.
मी दोन दाबलं.
सीट जागची हलली नाही.

"मी कधीकधी दाबते," त्या म्हणाल्या, "गराजमध्ये.
सीट मागे जाते. एवढंच."

सीट कुठवर जायची
ते रुळावरच्या धुळीने सांगितलं असतं.
पण तिथून माझा ब्रश फिरला होता,
कोपऱ्यांतून तर काडीसुद्धा.
इतकं चोख काम केल्याचं
वाईट कधी वाटलं नव्हतं.

त्या वळसा घालून शेजारच्या सीटवर बसल्या,
पर्स मांडीवर.
"बसा तिथे. तुम्ही त्यांच्याएवढेच आहात."
नव्हतो. बसलो.
"मागे. अजून. नको, तेवढं नको,
गुडघा स्टिअरिंगला लागायचा त्यांचा,
शिव्या घालायचे, पण सरकायचे नाहीत."
मोटर गुरगुरत होती.
"खाली. जरा वर.
कान, इथून त्यांचा कान
पट्ट्याच्या त्या कडीपुढे दिसायचा. हां.
पाठ अजून कलती. आळशी होते."
मी तसाच, श्वास धरून.
त्या बघत होत्या. माझ्याकडे नाही.

'सेट' दाबलं. मग दोन.
गाडीने एकदाच पीं केलं.

"जवळपास," त्या म्हणाल्या.

बॅटरीच्या पैशांवरून आम्ही बर्फात उभं राहून भांडलो.
निम्मे त्यांनी दिलेच.
एक नंबरही पुसला गेला होता,
तो त्यांनी स्वतःच बसवला, न बघता,
पार स्टिअरिंगला चिकटून,
आणि गेल्या.

फाटकातून दिवे वळले तेव्हा आठवलं,
घड्याळ लावायचं राहिलं.